सकाळी किनारा, दुपारी संग्रहालय: आजी आणि मुलांसह एका दिवसाची सहल

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा पाच वर्षांचा, मुलगी अकराची, सोबत सासूबाई आणि त्यांचे गुडघे दुखतात. हाताशी सुट्टीचा एकच दिवस. मागच्या खेपेला एका दिवसात तीन ठिकाणं उरकायची ठरवली. तिसऱ्या ठिकाणी मुलगा रडत रडत झोपला, मुलगी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली आणि सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी आपली घरीच बरी." आता निसर्गातली एक जागा आणि एक संग्रहालय, एवढंच करायचं आहे. आधी काय, किती वेळ, आणि सगळ्यांना रस वाटेल असं जमवायचं कसं?

तिनाची दोन केलीत हे चांगलंच केलंत. पण मला विचाराल तर मागची सहल निव्वळ आकड्यामुळे फसली नाही. त्या तीन जागांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरलं की मुलांना पहिल्यापासून सुरुवात: हे काय आहे, ते का बघायचं, किती वेळ बघायचं. मोठ्यांचंही तेच होतं, आपण फक्त रडत नाही. मी बरीच वर्षं कुटुंबांचे लहान गट घेऊन किनारे, गुहा, जंगलवाटा आणि संग्रहालयं हिंडतोय. हळूहळू माझी पद्धत घासूनपुसून एवढीच उरली आहे: ठिकाण नंतर, आधी एक प्रश्न ठरवायचा. सकाळी बाहेर तो प्रश्न पडला पाहिजे आणि दुपारी संग्रहालयात त्याचा माग काढता आला पाहिजे.

माझा लाडका प्रश्न आहे, शंख कोण बांधतं?

खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला गेलात तर खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहिलेलं दिसतं. तिथे उकिडवं बसायचं आणि दोन मिनिटं काहीही करायचं नाही. आपली सावली पाण्यावर पडली की आतलं सगळं दडी मारतं. सावली स्थिरावली की एकेक जण बाहेर येतो. आधी एखादा शंख चालायला लागतो, आणि तोही शंखाला न शोभणाऱ्या वेगानं, तुरुतुरु. तो खेकडा असतो. त्यानं शंख बांधलेला नाही, मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख त्यानं बळकावलेला आहे. अंग वाढलं की तो मोठा शंख शोधतो. त्याला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. सोडण्याऐवजी तो मध्येच तुटू शकतो.

शेजारच्या खडकावर छोट्या टोपीसारखे, शंकूच्या आकाराचे लिंपेट चिकटलेले असतात. मुलं हमखास त्यांना दगडाचा भाग समजतात. आहेत ते जिवंत प्राणी. पाणी वर असलं की ते खडकावरचं शेवाळ खरवडत हिंडतात, आणि त्यांच्यातल्या अनेक जाती ओहोटी लागली की स्वतःच्या ठरलेल्या जागेवर परत येतात. ती जागा इतकी नेमकी असते की कवचाची कड आणि खडक एकमेकांना बसतील असे झिजलेले असतात. रिकाम्या झालेल्या जागेचा गोल वळ खडकावर शोधून दाखवा. पाच वर्षांच्या मुलाला "हे त्याचं घर, तो रोज इथेच परत येतो" एवढं पुरतं. अकरा वर्षांच्या मुलीला पुढचं सांगा: शेवाळ खरवडणाऱ्या त्याच्या बारीक दातांमध्ये लोहाचं खनिज असतं, आणि 2015 मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजमाप करून हे दात तोवर माहीत असलेलं सगळ्यात मजबूत जैविक द्रव्य असल्याचं दाखवलं. मुलगी मोबाइल खिशात ठेवते की नाही बघा.

इथे उत्तर पूर्ण देऊन टाकायचं नाही. लिंपेट आपलं कवच स्वतः बांधतो, खेकडा दुसऱ्याचं वापरतो, इतक्यावर थांबायचं. बांधतो म्हणजे कशानं, कुठून, कोणत्या बाजूनं वाढवत नेतो, हे दुपारसाठी राखून ठेवायचं. संग्रहालयात शंख-शिंपल्यांच्या दालनात गेलात की मुलं आपणहून कपाटाकडे धावतात, कारण सकाळी भेटलेला जीव तिथे आहे का हे त्यांना बघायचं असतं. उभा कापलेला शंख बहुतेक दालनांत एखादा तरी असतो. त्यात सगळ्यात लहान वेटोळं टोकाशी आणि सगळ्यात मोठं तोंडाशी दिसतं, म्हणजे भर पडते ती तोंडाच्या कडेला. टोकाचं वेटोळं त्या प्राण्याचं बाळपण. मऊ शरीराभोवतीचा पडदा समुद्रातल्या पाण्यातून मिळणाऱ्या द्रव्यांपासून चुन्याचा एकेक पापुद्रा कडेला जोडत जातो. घर बदलावं लागत नाही, घरच वाढतं. खेकड्याला ही सोय नाही, म्हणून तो बिऱ्हाडं बदलत हिंडतो. इतका साधा धागा, पण त्यावर अख्खा दिवस तोलला जातो.

समुद्र लांब असेल तर हाच धागा डोंगरात नेता येतो. चुनखडीचा बराच मोठा भाग पूर्वीच्या समुद्रातल्या जिवांच्या कवचांपासून बनलेला असतो. एव्हरेस्टच्या माथ्याजवळच्या चुनखडीतसुद्धा समुद्री जिवांचे अवशेष आहेत. मग प्रश्न होतो, "डोंगरावर शिंपले कसे आले?" हा प्रश्न लिओनार्डो दा विंचीनं आपल्या वह्यांमध्ये घोळवला होता. खडकात सापडणारे जिभेच्या आकाराचे दगड म्हणजे शार्कचे दात आहेत, हे निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञानं 1667 मध्ये मांडलं, तेही एका शार्कचं डोकं प्रत्यक्ष कापून बघितल्यावर. सकाळी चुनखडीची गुहा किंवा उघडा पडलेला कडा आणि दुपारी जीवाश्मांचं दालन, ही जोडी किनाऱ्याइतकीच चांगली जमते. नदीकाठ जवळ असेल तर "दगड गोल का झाला?" आणि खडकांचं दालन. पक्षी बघायला जाणार असाल तर "उडणाऱ्याचं हाड वेगळं असतं का?" आणि सांगाड्यांचं दालन. तुमच्या जवळ जे संग्रहालय आहे त्यात काय आहे ते आधी बघा आणि तिथून उलटं या, हा सोपा मार्ग.

आता आधी काय. जवळजवळ नेहमी निसर्ग आधी, संग्रहालय नंतर. सकाळी पक्षी-प्राणी हालचालीत असतात, उजेड तिरपा असल्यामुळे दगडांवरचे पोत नीट दिसतात आणि मुलांच्या पायात बळ असतं. सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे मध्यान्हीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास, अतिनील किरणांचा मारा सगळ्यात जास्त असतो; तेव्हा छपराखाली असणं बरं. अपवाद समुद्राचा. तिथे वेळ घड्याळ ठरवत नाही, ओहोटी ठरवते. बहुतेक किनाऱ्यांवर भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास जातात आणि रोज वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवसांत पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही उतरतं. एरवी न दिसणारे खडक बघायचे तर हे दिवस निवडावेत. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती-ओहोटी असते, तेव्हा फारसं काही उघडं पडत नाही.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी खडकांवर पोचायचं, पाण्यामागून खाली सरकायचं आणि पाणी वळलं की परत फिरायचं. पाणी वळल्यावर "अजून दहा मिनिटं" हा शब्द उच्चारायचा नाही, कारण पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही. कोळी-नावाड्यांच्या हिशेबात बसणारा एक ढोबळ नियम आहे: एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. ओहोटी-भरतीतला फरक 3 मीटर धरला तर पहिल्या तासात पाणी जेमतेम 25 सेंटीमीटर चढतं आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात ते 75 सेंटीमीटर चढतं, म्हणजे तुमच्या मुलाच्या कमरेच्याही वर. मधला सखल भाग आधी भरतो आणि तुम्ही उभे असलेला खडक बेट होतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एकदा भरतीचं वेळापत्रक मोठ्या बंदराचं बघितलं आणि गट घेऊन गेलो तिथून बऱ्याच लांबच्या खाडीच्या तोंडाशी. वेळापत्रक विशिष्ट बंदरासाठी असतं, शेजारच्या किनाऱ्यावर वेळ मागेपुढे होते, हे मला पुस्तकात माहीत होतं, अंगात मुरलेलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी वळून बराच वेळ झालेला. अकरा मुलं, सगळ्यांच्या हातात भिंगं, आणि समोर नुसता फेस. त्या दिवशी आम्ही भिंगातून वाळू बघितली. वाईट नव्हती, पण पालकांच्या नजरा अजून आठवतात.

सासूबाईंचं काम इथे सुरू होतं. त्यांना खडकांवर आणायचं नाही आणि गाडीतही बसवून ठेवायचं नाही. भरतीच्या रेषेच्या वर, जिथून सगळे दिसतात अशा ठिकाणी घडीची खुर्ची टाका आणि घड्याळ त्यांच्याकडे द्या. तुम्ही पाण्याजवळ जाताना वाटेतला एक ठळक खडक खूण म्हणून ठरवा. तो भिजायला लागला की आजीनं हाक मारायची आणि आजीची हाक आली की सगळ्यांनी निघायचं, बाबांनीही. आजी "सांभाळून बसवलेली" राहत नाही, मोहिमेची मुखत्यार होते. मी हे असंख्य कुटुंबांत करून बघितलंय. आजीआजोबा इतक्या कडकपणे वेळ पाळतात की मला आरडाओरडा करावाच लागत नाही.

चालण्याचा हिशेब ठेवायचाच असेल तर विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये दिलेला नियम अजून कामी येतो: सपाटीवर तासाला साधारण 5 किलोमीटर आणि दर 300 मीटर चढाला अर्धा तास जादा. तो धडधाकट माणसासाठी आहे. पाच वर्षांचं मूल सोबत असेल तर आलेल्या वेळाची सरळ दुप्पट करा. ते मूल हळू चालतं म्हणून नव्हे. ते दर वीस पावलांवर काहीतरी सापडल्यामुळे थांबतं, आणि त्यासाठीच तर आपण त्याला आणलंय. एक किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं, याहून मोठी वाट या वयाला नको.

धोक्यांबद्दल थोडक्यात, पण हे सोडू नका. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. धबधब्याखाली किंवा ओढ्यात असताना पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा-काटक्या यायला लागल्या किंवा आवाज बदलला, तर डोक्यावर ऊन असलं तरी ताबडतोब वर चढायचं. पाऊस वरच्या अंगाला कुठेतरी झालेला असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी अंतर असेल तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. मोठा प्राणी दिसला तर हात ताठ लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याआड अख्खा प्राणी झाकला जात नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. मुलांना हा अंगठा इतका आवडतो की नंतर ती सगळ्यांनाच मापत सुटतात, गायींना, बसला, आजीला. गुहेत आतलं तापमान वर्षभर जवळपास सारखं असतं, त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीइतकं. म्हणून कडक उन्हाळ्यातही अंगावर घालायला काहीतरी ठेवा.

आता खिशाकडे येऊ. परत निघताना मुलाचे खिसे जड झालेले असतात. दगड, शिंपले, एखादं हाड. इथे मी कडक आहे आणि कारण मुलांना पटेल असं सांगतो. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये दगड झालेल्या झाडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून लोक खिशात घालून नेलेले तुकडे नंतर टपालानं परत पाठवतात, सोबत माफीची पत्रं लिहून. उद्यानानं ती पत्रं जपली आहेत. पण परत आलेले तुकडे मूळ जागी ठेवता येत नाहीत, कारण कोणता तुकडा नेमका कुठून उचलला हे कुणालाच माहीत नसतं. उगाच कुठेतरी ठेवला तर अभ्यास करणाऱ्याची दिशाभूल होईल. म्हणून त्यांचा एका बाजूला ढीग करून ठेवतात. दगड तोच, रंग तोच, पण जागा हरवली आणि तो मुका झाला. उलट दिशेची गोष्टही आहे. अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या मॉर्निंग ग्लोरी नावाच्या गरम पाण्याच्या कुंडात लोकांनी इतकी नाणी आणि कचरा टाकला की पाणी वर येण्याचे मार्ग तुंबले, कडेचं पाणी निवलं आणि नितळ निळ्या कुंडात पिवळा-नारिंगी रंग पसरत गेला. 1950 मध्ये कुंड मुद्दाम उसळवून आतली नाणी आणि हातरुमाल बाहेर काढले होते. न्यायचंही नाही आणि ठेवायचंही नाही. उचलून बघितलेला दगड ज्या बाजूनं होता त्याच बाजूनं परत ठेवायचा, कारण खालच्या ओलाव्यात बसलेले जीव उन्हात वाळून जातात.

मुलाला रिकाम्या हातानं परत नेणं कठीण जाणार, हे मला माहीत आहे. मुलीकडे वही द्या. उचलायच्या ऐवजी तिनं वस्तूचं चित्र काढायचं आणि खाली तीन गोष्टी लिहायच्या: कुठे, कधी, कुणाला दिसलं. "कुणाला" या रकान्यात भावाचं नाव आलं की त्याचं समाधान होतं. ही वही दुपारी लागणार आहे.

दोन जागांमधलं अंतरही विचारपूर्वक निवडा. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास मध्ये आला तर सोन्याहून पिवळं, कारण धाकटा त्यात झोप काढतो. संग्रहालय अगदी शेजारी असेल तर ती झोप बुडते आणि दीड तासानं डायनासोरसमोर भरपाई मागते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी लागण्याचा त्रास जास्त होतो, कारण कान सांगतो आपण हलतोय आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात आपण स्थिर आहोत. गाडीत मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर. जेवण संग्रहालयाच्या आधी उरका. नंतर खाऊ म्हटलं की आतला सगळा वेळ खाण्याच्या वाटाघाटीत जातो. आणि ओले कपडे, वाळूचे बूट आधी बदला. भिजलेल्या पायानं कुणालाही इतिहास समजत नाही.

संग्रहालयाला आदल्या दिवशी फोन करा. आठवड्याची सुट्टी बऱ्याच ठिकाणी असते, बहुधा सोमवारी. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्हाला हवं ते दालन उघडं आहे का, शेवटचा प्रवेश किती वाजता, त्याच तिकिटावर बाहेर जाऊन परत येता येतं का, आणि चाकाची खुर्ची मिळते का. एकदा मी शंखांसाठी गट नेला आणि ते दालन रंगकामासाठी बंद, दारावर दोरी बांधलेली. फोनवर "संग्रहालय चालू आहे" एवढंच मी विचारलं होतं, त्यांनीही तेवढंच सांगितलं होतं.

चाकाच्या खुर्चीला सासूबाई नको म्हणतील. त्यांना सांगा की संग्रहालयातलं थकणं वेगळं असतं आणि ते वयाचं नसतं. बोस्टनच्या कलासंग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी 1916 मध्ये यावर लेखच लिहिला. एका माणसाला कपाटांतल्या वस्तू नीट बघून ठराविक प्रश्नांची उत्तरं द्यायला लावली आणि त्यासाठी त्याला कसं वाकावं, बसावं, मान वळवावी लागते याचे फोटो छापले. कारण माणसात नसून कपाटांच्या मांडणीत आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. आपण तिथे चालत नाही, रेंगाळतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायला मदत करतात. रेंगाळताना ते काम मंदावतं आणि पाय जड होतात. घडीचं स्टूल चालत असेल तर घ्या.

दुसरी गोष्ट उंचीची. पाच वर्षांचं मूल साधारण 110 सेंटीमीटर उंच. एकदा त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसून कपाट बघा. कित्येक वेळा त्याला फक्त काचेवर पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब आणि वस्तूचा तळ दिसत असतो. "बघ ना, किती छान" म्हणून आपण वैतागतो आणि त्याला खरोखर काही दिसतच नसतं. त्याच्यासाठी खालचे खण, जमिनीपर्यंत आलेली मांडणी आणि मोठे सांगाडे.

आत गेल्यावर पहिल्या दालनापासून क्रमानं सुरुवात करायची नाही. थेट आपल्या प्रश्नाच्या दालनात. 1930च्या दशकात आर्थर मेल्टन या मानसशास्त्रज्ञांनी संग्रहालयांत निरीक्षणं केली तेव्हा बहुतेक लोक दालनात शिरल्यावर उजवीकडे वळताना दिसले. मी गट डावीकडून नेतो, गर्दी थोडी कमी लागते. आणि मोजक्या वस्तू, पण मनापासून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोक एका चित्रासमोर सरासरी 27 सेकंद थांबत असल्याचं आढळलं, आणि त्यातले निम्मे लोक 17 सेकंदांतच पुढे गेले. यावर माझ्याकडे एक खेळ आहे. एक वस्तू निवडायची, तीन मिनिटं बघायची, मग कपाटाकडे पाठ करून काय काय दिसलं ते सांगायचं, आणि पुन्हा वळून तपासायचं. पाठ केल्यावर "त्याला किती टोकं होती?" यावर बहीण-भाऊ भांडतात. ते भांडण होऊ द्या.

आता वही काढा. शंखाशेजारच्या चिठ्ठीवर बघा: नाव, कुठे सापडला, तारीख, कुणी गोळा केला, नोंदणी क्रमांक. मुलीनं सकाळी लिहिलेले तीन रकाने तिथे छापलेले दिसतात. मी हा क्षण नेहमी थोडा लांबवतो. नुसत्या सुंदर शंखाला अभ्यासकाच्या लेखी फारशी किंमत नाही. कुठे आणि कधी मिळाला हे लिहिलेला, फुटका का असेना, तो कामाचा. ॲरिझोनाचा दगडांचा ढीग आठवून द्यायची गरजही पडत नाही, मुलं स्वतःच बोलतात.

सांगाड्यासमोर धाकटा विचारणार, "हे खरं आहे का?" खोटं बोलू नका. बऱ्याच ठिकाणी तो साचा असतो. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात 1905 मध्ये मांडलेला प्रसिद्ध डिप्लोडोकस प्लास्टरचाच आहे, उद्योगपती ॲन्ड्र्यू कार्नेगी यांनी भेट दिलेला. "खऱ्या हाडावर माती दाबून जसा ठसा येतो, तसा ठसा घेऊन बनवलाय" म्हटलं की मुलाचा विरस होत नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेची गोष्ट मोठीला सांगा: 1940 मध्ये चित्रं सापडली, 1948 पासून लोकांची रीघ लागली, आणि माणसांच्या श्वासानं, उष्णतेनं भिंतींवर बुरशी-शेवाळ यायला लागल्यावर 1963 मध्ये ती बंद करावी लागली. 1983 पासून लोक हुबेहूब प्रतिकृती बघतात. दालनात अंधार का, हाही प्रश्न येतो. कापड, कागद, जलरंग यांच्यावर साधारण 50 लक्स इतकाच मंद उजेड ठेवतात, कारण उजेडानं उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान साठत जातं. डोळे सरावायला दोन-चार मिनिटं द्या, मग दिसतं.

आणि पुन्हा आजी. त्यांना एका चांगल्या कपाटासमोर बाकावर बसवा आणि मुलांना पुढच्या दालनात पाठवा, सोबत तुमच्यापैकी एक जण. अट अशी की परत येऊन आजीनं न बघितलेली एक वस्तू तिला अशी सांगायची की तिनं ती डोळ्यांसमोर आणली पाहिजे. आजी प्रश्न विचारते: केवढी? रंग कोणता? कशाला वापरत असतील? मुलांना उत्तर येत नाही, ती पळत परत जाऊन बघून येतात. गाईड म्हणून मी जे बोलतो त्यापेक्षा या येरझाऱ्यांनी मुलांच्या डोक्यात जास्त राहतं, हे मला कबूल करावं लागेल. मधल्या वेळात आजीचं स्वतःचं कपाट बघून झालेलं असतं, आणि तिनं काय बघितलं हे ती सांगते तेव्हा ऐकण्याची पाळी मुलांची.

एकूण दीड तास. मुलगा चांगल्या मूडमध्ये असताना बाहेर पडा, दालनं शिल्लक असली तरी. तिकीट वसूल करण्याच्या नादात शेवटची वीस मिनिटं घालवली की घरी तीच वीस मिनिटं लक्षात राहतात.

सकाळ लांबली आणि वेळ कमी पडतोय असं दिसलं तर संग्रहालय सोडा, किनारा सोडू नका. चांगली ओहोटी पुन्हा पंधरा दिवसांनी येणार आणि ती तुमच्या सुट्टीच्या दिवशी, सोयीच्या वेळेला येईल याची खात्री नाही. कपाटं पुढच्या रविवारी तिथेच असतात आणि वहीत प्रश्न लिहिलेला असतो. फक्त फोन करून ते दालन उघडं आहे ना, एवढं विचारा.